स्नेअरची खालची बाजू

नवीन ड्रमर स्नेअर, म्हणजे खाली तारा लावलेला उथळ ड्रम, ट्यून करायला बसला की पहिली गोष्ट काय करतो, तर की, म्हणजे ट्यूनिंगची चावी, हातात घेतो आणि वरच्या हेडला, म्हणजे वाजवायच्या पडद्याला, ताण देणारे रॉड पिळायला लागतो. आवाज बसका वाटला की अजून पिळतो, ठणठणायला लागला की सैल करतो, मग वर जेलचा तुकडा चिकटवतो, मग टेप, मग जुन्या हेडची रिंग कापून ठेवतो, आणि शेवटी वैतागून जाहीर करतो की ड्रमच फालतू आहे. या एवढ्या खटाटोपात ड्रम एकदाही उलटा झालेला नसतो. म्हणून हल्ली कुणी मला "स्नेअर नीट वाजत नाहीये यार" म्हणालं की मी आवाज ऐकायच्या आधीच सांगतो, उलटा कर बघू. आगाऊपणा वाटतो थोडा, पण उत्तर बऱ्याचदा तिथेच पडलेलं असतं.

कारण स्नेअरला स्नेअर बनवणारं जे काही आहे ते खाली आहे. खात्री करायची असेल तर थ्रो-ऑफचा खटका पाडा, तारा सैल होतील, आणि मग वाजवा. जे ऐकू येईल तो एक उथळ, जरा चिडका टॉम, म्हणजे तारा नसलेला साधा ड्रम असतो, बस. खटका वर केला की तोच ड्रम एकदम वेगळं बोलायला लागतो. आत होतं असं की वर काठी पडली की हवा दाबली जाते, ती खालच्या हेडला ढकलते, खालचं हेड तारांना उडवतं आणि तारा परत येऊन हेडवर आदळतात, तेही एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि साधारण वीस तारांचा सेट असेल तर प्रत्येक तार आपापल्या वेळेला. कानाला ते सगळं मिळून एकच "टॅक" वाटतं. त्यामुळे वरचं हेड कितीही मन लावून ट्यून केलं आणि खालचं लोंबत असलं तर त्या टॅकचा कचरा होतो, आणि आपण दोष देतो वरच्या हेडला किंवा काठ्यांना किंवा मग बजेटला.

खालचं हेड एकदा काढून हातात धरून बघाच. वरचं नेहमीचं कोटेड हेड सिंगल प्लाय, म्हणजे एकाच थराचं, असेल तर 10 मिल जाड असतं, मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. खालचं असतं 3 मिल, काही तर 2 मिल. म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी, उजेडासमोर धरलं की धुरकट दिसतं आणि नख जोरात लागलं तरी खूण राहते. इतकं पातळ ठेवायचं कारण एकच, हलक्यातली हलकी हवा पण त्याला कळली पाहिजे आणि त्याने ती तारांना सांगितली पाहिजे. चुकून कुणी खाली वरचं जाड हेड लावलं तर ड्रम वाजतो, पण बहिरा झाल्यासारखा वाजतो, घोस्ट नोट्स, म्हणजे अगदी हळू वाजवलेले ठोके, जवळजवळ गायबच.

पूर्वी इथे चामडं असायचं. वर वासराचं कातडं आणि खाली त्याहून पातळ, आणि तारांच्या जागी आतड्याच्या दोऱ्या. हवा दमट झाली की सगळं सैल, कोरडी झाली की ताणून फाटायची भीती, त्यामुळे जुने ड्रमर हवामान बघून ट्यून करायचे. मग 1950 च्या दशकात मायलर नावाची पॉलिस्टर फिल्म आली आणि 1956-57 च्या सुमाराला चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी तिची हेड्स बाजारात आणली. तेव्हापासून पावसाची कटकट बरीच संपली. चामड्याचा आवाज जास्त ऊबदार होता असं म्हणणारे अजून भेटतात, असेलही, पण रोज त्याची मनधरणी करायची माझी तरी तयारी नाही.

बरं, तर उलटा केला ड्रम, आता काय.

आधी तारा मोकळ्या करायच्या, निदान एका बाजूने. पूर्ण काढायचं जिवावर आलं असेल तर तारा आणि हेड यांच्या मधे एक पेन्सिल सरकवा, तारा वर उचलल्या जातात आणि हेड मोकळं वाजतं. ड्रम मांडीवर किंवा जाड कपड्यावर ठेवायचा म्हणजे दुसरं हेड गप्प बसतं, नाहीतर दोन्ही हेड एकदम बोलतात आणि कोण काय म्हणतंय ते कळत नाही. सगळे रॉड बोटांनी फिरतील तेवढे फिरवून घ्यायचे, मग की लावून समोरासमोरच्या जोड्या, पहिल्यांदा अर्धा फेरा, नंतर पाव पाव. एकाच बाजूने गोल गोल फिरत गेलात तर हूप, म्हणजे हेड दाबून धरणारं कडं, एका अंगाला बसतो आणि मग पुढचा अर्धा तास तीच चूक निस्तरण्यात जातो.

खालच्या हेडची एक खोड आहे जी वरच्याला नाही. शेलच्या, म्हणजे ड्रमच्या गोल सांगाड्याच्या, खालच्या कडेला, जिथून तारा बाहेर येतात त्या दोन समोरासमोरच्या जागी, कड अगदी किंचित खोल कापलेली असते. तिला स्नेअर बेड म्हणतात. तारांच्या टोकाला धातूची पट्टी असते, ती हेडला वर उचलू नये, तारा सपाट टेकाव्यात म्हणून ही सोय. पण कड तिथे खाली गेलेली म्हटल्यावर हेडला तिथे सुरकुती पडते, आणि मग त्या जागेच्या दोन्ही बाजूचे रॉड, म्हणजे एकूण चार, बाकीच्यांपेक्षा जरा जास्त फिरवावे लागतात. सुरकुती गेली का ते उजेडात तिरकं धरून बघायचं. ती राहिली तर तारा मधल्या भागात हेडला टेकतात आणि टोकाला अधांतरी राहतात, आणि मग जी एक बारीक कुरकुर येत राहते ती वरून कितीही टेप लावला तरी जात नाही.

या स्नेअर बेडवरून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शेलची कड सरळ आहे का ते बघायची एक जुनी रीत आहे, जाड सपाट काचेवर शेल पालथा ठेवायचा, आत टॉर्च लावायचा, खोलीत अंधार करायचा आणि कुठून उजेड गळतो ते बघायचं. वरच्या कडेला उजेड दिसला तर खरंच काहीतरी गडबड आहे. पण खालच्या कडेला दोन जागी उजेड दिसणारच, दिसलाच पाहिजे, तोच तर स्नेअर बेड. हे माहीत नसलेली उत्साही मंडळी सँडपेपर घेऊन ती कड घासून "सरळ" करतात आणि एक चांगला स्नेअर कायमचा बाद करतात. लाकडी शेलची कड कुणी घासायला निघालं असेल तर कृपा करून आधी त्याच्या हातातला सँडपेपर काढून घ्या.

आता कानाचं काम. प्रत्येक रॉडजवळ, रिमपासून, म्हणजे हूपच्या कडेपासून, इंचभर आत, बोटाने किंवा काठीच्या टोकाने हलकेच टकटक करायचं आणि दुसऱ्या हाताचं एक बोट हेडच्या बरोबर मध्यावर नुसतं टेकवून ठेवायचं, दाबायचं नाही. त्याने मधला जाडा आवाज दबतो आणि कडेचा ओव्हरटोन, म्हणजे मूळ सुराच्या वरचा सूर, स्वच्छ ऐकू येतो. सगळे रॉड सारखे बोलायला लागले की काम झालं. एखादा रॉड कितीही फिरवला तरी सुरात येत नसेल तर त्याच्या बरोबर समोरचा बघायचा, चोर बहुतेक वेळा तिथे असतो. हेड एकच आहे ना, तिकडचा ताण इकडे कळतोच.

सारखे म्हणजे किती सारखे, असं कुणी विचारलं की थोडं फिजिक्स काढावं लागतं. साधा ताणलेला गोल पडदा वाजवला तर त्याचे ओव्हरटोन मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट असे सरळ येत नाहीत, 1.59 पट, 2.14 पट, 2.30 पट असे वाकडेतिकडे येतात. म्हणून ड्रमला बासरीसारखा एक ठाम सूर नसतो. तबल्या-मृदंगाला मात्र असतो, कारण शाई. शाईच्या वजनामुळे तेच ओव्हरटोन जवळजवळ पूर्णांकांच्या प्रमाणात येऊन बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये एका छोट्या टिपणात आणि मग 1934 मध्ये सविस्तर दाखवून दिलं होतं. स्नेअरवर शाई नाही, त्यामुळे तबला लावल्यासारखा स्नेअर सुरात "लावायचा" हट्ट धरला की माणूस वेडा होतो. आपल्याला करायचं असतं ते वेगळं. त्या 1.59 वाल्या ओव्हरटोनची खरंतर दोन रूपं असतात, एक पडद्याला या दिशेने हलवणारं आणि एक काटकोनातल्या दिशेने, आणि ताण सगळीकडे एकसारखा असेल तर दोघांचा सूर एकच येतो. ताण कमी-जास्त असला की ते दोन एकमेकांपासून जरासे फुटतात आणि वाँव-वाँव-वाँव अशी लाट ऐकू येते. ती लाट गेली की हेड समान झालं, बस्स. मीटरवर एक आकडा अमुकच आला पाहिजे असं काही नाही.

मीटरवरून आठवलं. दोन प्रकारची यंत्रं मिळतात, एक हेडवर ठेवून ताण मोजतं आणि दुसरं रिमला अडकवून टकटकीची फ्रिक्वेन्सी मोजतं. दोन्ही चांगली, विशेषतः स्टेजच्या मागे गोंधळ चाललेला असताना जिथे कानाला काही कळायची सोय नसते तिथे फ्रिक्वेन्सीवालं फार कामाला येतं. ताण मोजणाऱ्यावर माझा जरा कमी विश्वास, कारण हूप किंचित वाकडा असला तर सगळीकडे सारखा आकडा येऊनही कान "नाही" म्हणतो. अशा वेळी ऐकायचं कुणाचं हा प्रश्न पडायला नको.

खालचं हेड किती घट्ट? वरच्यापेक्षा घट्ट, एवढं मी छातीठोक सांगेन. हाताने मध्यावर दाबलं तर किंचितच दबलं पाहिजे. घट्ट असलं की तारा लगेच उठतात आणि लगेच बसतात, आवाज तुटक आणि स्वच्छ येतो, सैल ठेवलं तर तारा रेंगाळतात, फसफस होते. कुणाला मुद्दाम ती फसफस हवी असते, त्यांना माझा नमस्कार. पण अगदी तोडायला आल्यासारखं पण ओढू नका, एका मर्यादेनंतर हेड हलायलाच तयार होत नाही आणि तारांना काही कळत नाही.

वरच्या हेडबद्दल मी एवढं बोलत नाही कारण तिथे खरंच आवडीचा प्रश्न आहे. द पोलिसच्या स्ट्युअर्ट कोपलंडचा स्नेअर उंच आणि कडक, लेड झेपलिनच्या जॉन बोनमचा साडेसहा इंच खोल लुडविग कंपनीचा सुप्राफॉनिक स्नेअर भरदार, आणि बीटल्सचा रिंगो स्टार तर ड्रमवर चक्क किचनमधले टॉवेल टाकून वाजवायचा. तिघांचं जमलं. तुम्ही पण हवं ते करा.

तारांचं मात्र आवडीवर सोडून चालत नाही. बहुतेक जण तारा जास्त आवळतात, कारण आवळल्या की जोरात वाजवताना छान कडक वाटतं. पण मग हळू वाजवलं की तारा उठतच नाहीत, नुसतं प्लास्टिक वाजतं. माझी पद्धत सोपी आहे, थ्रो-ऑफ चालू करून नॉब पूर्ण सैल करायचा, मग रिमजवळ बोटाच्या टोकाने अगदी हलकं वाजवत वाजवत नॉब आवळत जायचं. आधी खडखड येईल, मग ती कमी कमी होत एका जागी आवाज गोळा होतो, तिथेच थांबायचं. त्यापुढचा प्रत्येक फेरा म्हणजे हळू वाजवण्याची ताकद देऊन जोरात वाजवण्याची मजा विकत घेणं. शिवाय तारा मध्यावर आहेत का, दोन्ही टोकांना कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का आणि तिरक्या ओढल्या जात नाहीत ना हे बघायचं. तारा दोरीने बांधलेल्या असतील तर दोरी कालांतराने ताणते आणि बहुतेक एकाच बाजूने जास्त ताणते, प्लास्टिकची पट्टी असेल तर ओढ जास्त समान येते पण पट्टी बसवताना एकदा वाकडी बसली की वाकडीच राहते. एखादी तार वाकली असेल तर तिला सरळ करत बसू नका, ती कधीच सरळ होत नाही. दोन्ही टोकांना पकडीने कापून टाका, वीसात एकोणीस राहिल्या तर कुणाला कळणार नाही, वाकडी राहिलेली एक मात्र सगळ्यांना कळेल.

आता सगळ्यात लाडकी तक्रार. टॉम वाजवला की स्नेअर गुणगुणतो, बेस गिटारवाल्याने एखादा सूर लावला की स्नेअर आपोआप खरखरतो, काय करू? तर होतं काय की टॉमचा किंवा बेसचा तो सूर आपल्या हेडच्या एखाद्या सुराच्या जवळ आलेला असतो, हवेतून तो खालच्या हेडला पोचतो आणि हेड तारांना हलवतं. उपाय आहेत. टॉम थोडा वर किंवा खाली न्यायचा, हा सगळ्यात चांगला. किंवा तारांच्या दोन्ही टोकांजवळचे ते चार रॉड किंचित सैल करून बघायचे, काही ड्रमवर फरक पडतो. तारांखाली कापूस किंवा टेप घालणारे पण आहेत. पण माझं म्हणाल तर ही खरखर शून्यावर आणायच्या मागे लागूच नये. खालचं हेड जेवढं हळवं तेवढं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचं पण ऐकणार, आणि ज्या हळवेपणामुळे ते टॉमला उत्तर देतं त्याच हळवेपणामुळे ते तुमच्या डाव्या हाताच्या बारीकशा घोस्ट नोटला उत्तर देतं. एकाला गप्प केलं की दुसरं पण गप्प. एकट्याने खोलीत बसून ती खरखर ऐकली की फार मोठी वाटते, सगळा बँड वाजायला लागला की शोधून सापडत नाही. रेकॉर्डिंगमध्ये मात्र नुसता टॉमचा शांत भाग असेल तर सरळ खटका पाडा, तो त्यासाठीच दिलाय.

मेंटेनन्सबद्दल फार काही गूढ नाही, पण कुणी करत नाही. हेड बदलताना शेल रिकामा झालेला असतो, तेव्हा आतला काठ्यांचा भुसा पुसून घ्यायचा, कडेवरून कोरडं फडकं फिरवायचं, रॉडचे आटे पुसून त्यांना पेट्रोलियम जेली किंवा ग्रीसचा अगदी पुसटसा हात लावायचा. रॉड आणि हूपच्या मधला वॉशर हरवलेला असेल तर नवीन टाकायचा, कारण धातूवर धातू घासला की चावी फिरवताना रॉड अडकत अडकत फिरतो आणि पाव फेरा म्हणून अर्धा होतो. जुन्या ड्रमच्या लगमध्ये, म्हणजे शेलवरच्या ज्या तुकड्यांत रॉड पिळतात त्यांच्यात, स्प्रिंग असतात आणि त्या कधीकधी स्वतःच गुणगुणतात, आपण आठवडाभर तारांना शिव्या घालतो आणि आवाज येत असतो लगमधून. आत थोडा कापूस किंवा फोमचा तुकडा सरकवला की बंद. पॉलिश करायची हौस असेल तर आधी वरती लॅकर आहे का बघा, पितळी शेलवरचं लॅकर खरखरीत पॉलिशने निघून जातं. आणि अ‍ॅल्युमिनियमवर क्रोम चढवलेले जुने सुप्राफॉनिक असतात ना, त्यांच्या क्रोमला बारीक खड्डे पडतात, पापुद्रे निघतात. अ‍ॅल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, तो त्या ड्रमचा स्वभावच आहे. घासून ते बरं होत नाही, उलट वाढतं. आवाजाला त्याने काही होत नाही, राहू द्या.

रॉड आपोआप सैल होतात तेही बघत राहावं लागतं, विशेषतः रिमशॉट मारणाऱ्यांनी. काठी जिथे रिमवर पडते त्याच्या जवळचे रॉड आधी ढिले होतात, हेड जेवढं सैल ट्यून केलेलं तेवढे लवकर, लॉक लावले तर फरक पडतो. वरचा रॉड ढिला झाला की हाताला लगेच कळतं. खालचा ढिला झाला तर महिनोन् महिने कळत नाही, कारण तिथे कुणी बघतच नाही, फक्त "हल्ली मजा नाही येत" एवढं वाटत राहतं. तीच गत हेडची. वरच्या हेडचं कोटिंग गेलं, खड्डे पडले की लोक बदलतात, खालचं मात्र ड्रम विकत घेतला तेव्हाचंच असतं. ते फुटत नाही म्हणून चांगलं आहे असं नसतं. उलटं करून बघा, तारांच्या खुणा बारीक रेघांसारख्या उमटलेल्या असतील, मध्यभाग ताणून निर्जीव झालेला असेल. वरची दोन-तीन हेड्स बदलली की एक खालचं बदलावं.

स्टँडचं पण बघा. स्टँडचे तीन हात ड्रमला इतके आवळून धरतात की त्याला श्वास घ्यायला जागा राहत नाही. ड्रम हलणार नाही एवढाच आवळायचा, आणि तिन्ही हात तारांच्या बाहेर पडणाऱ्या जागा सोडून ठेवायचे, म्हणजे एकही हात दोरीवर किंवा पट्टीवर दाबत नाही.

खालचं हेड फुटतं तेही बहुतेक वाजवताना नाही, घाईघाईत स्टँडवर ठेवताना. एखादा हात तिरका उभा राहिलेला असतो, अंधारात ड्रम त्यावर टेकतो आणि भोक. भोक तारांपासून लांब असेल तर दोन्हीकडून टेप लावून त्या दिवसापुरतं निभावतं. तारांखाली असेल तर टेपचा काही उपयोग नाही, तारा टेपवर नाचतात आणि जे ऐकू येतं ते न ऐकलेलं बरं. एक्स्ट्रा काठ्या सगळ्यांच्या बॅगेत असतात, खालचं एक्स्ट्रा हेड फारच कमी जणांकडे असतं. ते नुसतं बॅगेत टाकलं तर चुरगळतं, 14 इंची असेल तर सिंबल बॅगेत मोठ्या सिंबलच्या मागे, पुठ्ठ्याला लावून आरामात मावतं.